सावळा चेहरा आणि दारातला उजेड

मॉडेल होऊ इच्छिणाऱ्या मुलीकडे मॉडेलिंग संस्था प्रथम काय मागतात, याची आपल्यापैकी अनेकांना कल्पना नसते. सजवलेले छायाचित्र त्यांना नकोच असते. साधे एकरंगी कपडे, मागे बांधलेले केस, रंगभूषा जवळजवळ नाही, आणि दिवसाच्या उजेडात समोरून, बाजूने व पूर्णाकृती टिपलेली छायाचित्रे, एवढीच बहुधा मागणी असते. म्हणजे जे काम मोठ्या शहरातल्या महागड्या स्टुडिओवाचून होणार नाही असे शहागडच्या मुलीला वाटते, ते तिच्या ओसरीवर होऊ शकते. अडचण उजेडाची नाही. सावळा रंग ‘उजळून’ देण्याची आपल्याला जी खोड लागली आहे, तिची आहे.

छायाचित्रणाचा आरंभच मुळी सूर्यप्रकाशावर झाला. एकोणिसाव्या शतकात पुष्कळ स्टुडिओंना काचेचे छत असे आणि काच शक्यतो उत्तरेकडे ठेवीत. तिकडून थेट ऊन न येता आकाशाचा सौम्य उजेड येतो. शहागड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास स्त्रियांसाठी स्टुडिओ उघडला आणि तो एका स्त्रीकडे सोपविला. कारण पडद्याचे होते हे खरे; परंतु संकोचलेला चेहरा कोणत्याही प्रकाशात खुलत नाही. आजही छायाचित्रे घेताना मुलीबरोबर तिची आई किंवा मैत्रीण असलेली बरी.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. मुलीला दाराच्या आत, उंबरठ्यापासून दोनतीन फुटांवर, बाहेर तोंड करून बसवावे. ऊन अंगावर नको, पण आकाश तिला दिसले पाहिजे. डोळ्यांत दाराचा लहानसा पांढरा चौकोन चमकला की जागा साधली असे समजावे. चेहरा थोडा वळवला की एक गाल सावलीत जातो व नाकाची ठेवण उमटते. सावली फार गडद झाली तर त्या बाजूस पांढरे धोतर धरावे. घराचे दार उत्तरेकडे असेल तर उत्तम. मात्र शहागड सुमारे १९.४ अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेस असतो; त्या दिवसांत दुपार टाळावी. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, हे निराळे सांगायला नको.

पूर्णाकृतीसाठी गोदाकाठ आहेच. संध्याकाळचे तिरपे ऊन आणि खालच्या फिकट वाळूवरून परतणारा उजेड, यांनी हनुवटीखालची सावली आपोआप भरून निघते. भर दिवसा पुलाची सावली कामी येते. तेथे उजेड वरून न येता बाजूने येतो. (पैठणहून जायकवाडीचे पाणी सोडल्याची वार्ता असेल तर पात्रात उतरू नये.)

खरी परीक्षा पुढेच आहे. कॅमेऱ्याचे प्रकाशमापक समोरचे सारे काही मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालते. सावळा चेहरा चौकट भरून असला तर ते त्याला फिका करते. मागे चुन्याची भिंत आली तर तोच चेहरा काळवंडवते. जुने छायाचित्रकार यावर तळहाताचा उपाय करीत. माणूस गोरा असो वा काळा, तळहाताच्या उजळपणात फारसा फरक नसतो. म्हणून चेहऱ्यावर पडणाऱ्याच उजेडात तळहात धरून मोजणी घ्यावी आणि त्याहून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश द्यावा. चेहरा आपल्या खऱ्या छटेत उतरतो. मोबाइलवर चेहऱ्याला बोट लावून उजळपणा हाताने कमीजास्त करावा, आणि त्वचा गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करावी. मोबाइल नाकाजवळ नेला तर नाक फुगते. पाचसहा फूट दूर उभे राहून दुप्पट झूम वापरावा.

निवड करताना घरची मंडळी हमखास सर्वांत गोरे दिसणारे छायाचित्र उचलतात. ते बाजूला ठेवावे. निवड करणारे पुढे मुलीला समक्ष पाहणारच असतात. छायाचित्राशेजारी तिचा हात धरून पाहावा. रंग जुळला तर तेच पाठवावे.