पर्वतकुटीची वाट : श्रम आणि उष्णता यांचा हिशेब

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सदर्न आल्प्स नावाची पर्वतराजी पसरलेली आहे. तिच्यातील आओराकी अथवा माउंट कुक हे ३७२४ मीटर उंचीचे शिखर त्या देशातील सर्वोच्च शिखर होय. या शिखराच्या परिसरातील गावातून एक पाऊलवाट सीली रांगेवर चढते आणि सुमारे १८०० मीटर उंचीवरील म्यूलर कुटीपाशी संपते. वाटेची लांबी पाच किलोमीटरांहून थोडीच अधिक आहे. सपाट रस्त्यावर एवढे अंतर तासाभरात तुटते. येथे मात्र धडधाकट माणसालाही सुमारे चार तास लागतात. कारण या अल्प अंतरात त्याला जवळजवळ १००० मीटर उंची चढावयाची असते.

प्रारंभी वाट झुडपांतून जाते. मग सुमारे २२०० पायऱ्या लागतात. त्या संपल्या की सीली तळी नावाची लहान तळी दिसतात. तेथे बांधीव वाट सरते व नारिंगी खुणांच्या आधाराने मोठमोठ्या शिळांतून आणि सुट्या दगडांच्या घसाऱ्यावरून डोंगराची धार गाठावी लागते. धारेवर पोहोचताच पलीकडच्या दरीतील म्यूलर हिमनदी दृष्टीस पडते, आणि दरीत न जाणवणारा वाराही तेथेच अंगावर येतो.

आता शरीराचा हिशेब पाहू. चढणाऱ्याचे वजन ६० किलोग्रॅम व पाठीवरील ओझे १० किलोग्रॅम आहे असे मानू. हा भार १००० मीटर वर नेण्यास सुमारे १६५ उष्मांक एवढे कार्य घडते. एक उष्मांक म्हणजे एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविणारी उष्णता. परंतु स्नायू हे यंत्र फारसे काटकसरी नाही. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा ते कार्यात रूपांतरित करते. उरलेले तीन हिस्से उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात. म्हणजे केवळ उंची चढण्यासाठी साडेसहाशेहून अधिक उष्मांक खर्च होतात, आणि त्यांपैकी सुमारे पाचशे उष्मांकांची नुसती उष्णता होते. एक लिटर घाम त्वचेवर वाळताना सुमारे ५८० उष्मांक घेऊन जातो. यावरून चढणाऱ्याचे कपडे का भिजतात आणि त्याला तहान का लागते, हे ध्यानी येईल.

खरा धोका येथूनच सुरू होतो. दर १००० मीटर उंचीमागे हवेचे तापमान सरासरीने साडेसहा अंशांनी उतरते. शिवाय पश्चिमेकडील समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे या पर्वतरांगेवर अडतात आणि निरभ्र आकाश थोड्याच वेळात मेघांनी भरून येते. चालणारा धारेवर विश्रांतीस थांबला की स्नायूंची भट्टी मंदावते. परंतु ओले कपडे उष्णता काढून घेतच राहतात आणि अंगालगतचा उबदार हवेचा थर वारा उडवून नेतो. भिजलेले सुती वस्त्र ऊब देईनासे होते. लोकर मात्र ओली झाली तरी थोडी ऊब राखते. शरीराचे आतील तापमान ३७ अंशांवरून ३५ अंशांखाली गेले की शीताघात होतो. प्रथम कापरे भरते, मग बोलणे अडखळते, पावले चुकतात. सर्वांत वाईट गोष्ट अशी की विचारशक्तीही मंदावते, आणि आपण संकटात आहोत हे संकटात सापडलेल्यालाच उमगत नाही. म्हणून परतण्याचा निर्णय बुद्धी ताजी असतानाच घ्यावा लागतो. कोरडे कपडे पिशवीत ठेवणे, थांबताच अंगावर जाड वस्त्र घेणे, थोडेथोडे खात राहणे, हे नियम याच हिशेबातून आले आहेत.

उतरणीसाठीही शक्ती शिल्लक ठेवावी लागते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि एकदोन दिवसांनी वेदना जाणवते. थकलेला पाय घसाऱ्यावर सहज घसरतो.

निवारा बांधणाऱ्यांनाही हा पर्वत सहज वश झालेला नाही. येथील पहिली कुटी १९१४-१५ मध्ये उभी राहिली. दुसरी हिमलोटाने मोडली. आजची कुटी या परंपरेतील पाचवी असून तिच्यात २८ जणांच्या निजण्याची सोय आहे. तिचे उद्घाटन २००३ मध्ये सर एडमंड हिलरी यांच्या हस्ते झाले. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे यांच्यासह एव्हरेस्टचा माथा गाठणाऱ्या हिलरींनी तरुणपणी पहिले मोठे आरोहण केले ते या कुटीजवळच्याच माउंट ऑलिव्हिए शिखराचे.

कुटीत चैनीचे काही नाही. चार भिंती वारा अडवितात, छप्पर पाऊस अडविते आणि टाकीत साठविलेले पाणी उकळून प्यावे लागते. पण उष्णतेचा जो हिशेब धारेवर तोट्याचा होऊ लागतो, तो या चार भिंतींच्या आत पुन्हा जुळतो. आणि हवामान बिघडल्यामुळे जो वाटेतूनच माघारी वळला, त्यानेही तोच हिशेब अचूक केलेला असतो.