न बोलणाऱ्या बालकाची घरची भाषा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागाला हे नाव १८१० मधील दौलतराव शिंदे यांच्या छावणीवरून मिळाले. छावणीबरोबर आलेली मराठी तेथील अनेक घरांत आजही नांदते. उंबरठ्याबाहेर मात्र सर्व व्यवहार हिंदीत चालतो. बोलके मूल या दोन्ही भाषांत सहज वावरते. परंतु चार वर्षांचे होऊनही ज्याच्या मुखातून शब्द फुटला नाही, अशा स्वमग्न बालकाच्या हाती संवादसाधन द्यावयाचे झाल्यास ते कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो.

स्वमग्नता अथवा ऑटिझम हा बहिरेपणा नव्हे, तसाच तो मातापित्यांच्या संगोपनातील दोषही नव्हे. ती मेंदूच्या विकासातील भिन्नता होय. अशा काही मुलांना वाचा उशिरा येते, काहींना पुरेशी येतच नाही. मात्र वाचा नाही म्हणजे सांगावयाचे काही नाही, असे नव्हे. पोट दुखते आहे किंवा कुकरची शिट्टी सहन होत नाही, हे सांगता न आल्यामुळे मूल किंचाळते, डोके आपटते आणि हट्टी ठरते.

यावर चित्रांचा उपाय जुना आहे. १९८५ मध्ये अमेरिकेतील अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी, मुलाने हव्या त्या वस्तूचे चित्र समोरच्या व्यक्तीच्या हाती द्यावयाचे, अशी पद्धत विकसित केली. आता ही चित्रे टॅबलेटच्या पडद्यावर आली असून स्पर्श करताच यंत्र शब्द उच्चारते. चेन्नईच्या अजित नारायणन यांचे ‘आवाज’ हे साधन असेच आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ विनामूल्य असून ते मराठीतही बोलते आणि हिंदीतही. खाणे, माणसे, ठिकाणे अशा चित्रवर्गांच्या दोन्ही बाजूंस त्यात आवड, होकार, आणखी आणि नावड, नकार, कमी अशी बटणे आहेत. यांतील नकाराचे बटण विशेष मोलाचे. हौसेने बिस्किटाचे चित्र शिकविणारी घरे ‘नको’ शिकविण्यास विसरतात!

यंत्र दिल्यास मूल बोलणारच नाही, अशी भीती पालकांना वाटते व त्या भीतीपायी मोलाची वर्षे वाया जातात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात २७ व्यक्तींची उदाहरणे तपासली गेली. त्यांपैकी ८९ टक्के व्यक्तींचे बोलणे अशा साधनांच्या वापरानंतर वाढले, उरलेल्यांचे होते तसेच राहिले. कमी कोणाचेच झाले नाही. वाढ बहुधा माफक होती, हेही ध्यानात ठेवावे.

भाषेबाबतचा गैरसमजही असाच आहे. मुलाचा गोंधळ नको म्हणून घरातील मराठी बंद करण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. द्वैभाषिक घरातील स्वमग्न मुले त्या कारणाने अधिक मागे पडतात, असे अभ्यासांत आढळलेले नाही. शाळेतील ‘रोटी’ घरी ‘पोळी’ असते. केवळ ‘रोटी’ म्हणणारे यंत्र मुलाला आजीच्या स्वयंपाकघरात परके करून सोडते. म्हणून घरी मराठी व शाळेत हिंदी अशी सोय ठेवणे इष्ट. चित्रांच्या जागा मात्र दोन्हीकडे त्याच असाव्यात, कारण मुलाचे बोट जागा लक्षात ठेवते.

साधन नुसते हाती दिल्याने भागत नाही. वाढताना ‘पोळी’, पुन्हा वाढताना ‘आणखी’, असे म्हणत मोठ्यांनी स्वतः चित्रास स्पर्श करावा. मुलाच्या प्रतिसादासाठी थोडे थांबावे. शिक्षा म्हणून टॅबलेट काढून घेणे म्हणजे मुलाचे तोंड दाबणे होय. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि त्यातील ‘संवाद’ या संज्ञेच्या व्याख्येत वाचेला पूरक व पर्यायी पद्धतीही येतात. त्यामुळे असे साधन वर्गात वापरू द्यावे, ही पालकांची मागणी कायद्याला धरूनच आहे.

वीज जाते, बॅटरी संपते. यासाठी त्याच चित्रांचा छापील तक्ता दप्तरात असू द्यावा; चित्राखाली शब्द मराठी व हिंदी दोन्ही भाषांत लिहावेत, म्हणजे आजी आणि शिक्षिका दोघींनाही तो वाचता येईल.