आधी बोंजूर, मग काम

बहिणीचा मुलगा ओंकार नोकरीसाठी फ्रान्समध्ये लिओंला निघालाय. मी बारा वर्षं एका कंपनीत फ्रेंच गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार सांभाळला, म्हणून एका रविवारी तो वही घेऊन हजर झाला.

ओंकार : मावशी, व्याकरणाचा क्लास चालू आहे. तू मला ऑफिसपुरतं सांग. साहेबाला ‘वू’ आणि मित्राला ‘त्यू’. आपल्या तुम्ही-तू सारखंच ना?

मावशी : इथेच आपण घसरतो. बघ, तू काकांना ‘अहो काका’ म्हणतोस आणि काका तुला ‘ए ओंक्या’. खालून ‘तुम्ही’ जातं, वरून ‘तू’ येतं. फ्रेंच ऑफिसात असं एकतर्फी सहसा चालत नाही. साहेब तुला ‘वू’ म्हणणार, तू साहेबाला ‘वू’. तो ‘त्यू’वर आला, की तूही यायचं.

ओंकार : आणि साफसफाई करणाऱ्या बाईंना?

मावशी : वू. हॉटेलातल्या विशीतल्या पोऱ्यालाही वू. ‘वू’मध्ये मानापेक्षा अंतर जास्त आहे. समोरची मोठी व्यक्ती ओळखीची नाही, एवढं कारण पुरतं. तिचा पगार बघायचा नाही.

ओंकार : मग ‘त्यू’ कधी म्हणायचं?

मावशी : वयाने किंवा हुद्द्याने मोठा असेल तो सुचवतो. त्याला क्रियापदच आहे, ‘त्युत्वाये’, म्हणजे त्यू म्हणणे. आपल्याकडे ‘अरे-तुरे करणे’ आहे ना, तसं. फक्त त्यात भांडणाचा वास नाही. सॉफ्टवेअरवाल्यांकडे पहिल्या दिवसापासून त्यूच असतं म्हणतात. तरी तू वूने सुरुवात कर. कुणी रागावणार नाही.

ओंकार : तुझी कधी फजिती झाली?

मावशी : पहिल्याच दिवशी. पॅरिसला बेकरीत शिरले आणि घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं : एक बागेत पाव द्या, सिल वू प्ले, म्हणजे कृपया. उच्चार इतका नेटका की माझी मलाच शाबासकी! काउंटरवरची बाई हलली नाही. म्हणाली, “बोंजूर, मादाम.” मला वाटलं हिला ऐकू आलं नसेल. परत पाव मागितला. परत “बोंजूर, मादाम.” मागे चार माणसं रांगेत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी नमस्काराचं “बोंजूर” म्हटलं आणि पाव हातात आला. आपण वाण्याकडे जाऊन ‘अर्धा किलो साखर द्या’ म्हणतो, त्यात उद्धटपणा नसतो. तिथे असतो. दुकान, बस, रिसेप्शन, सगळीकडे आधी बोंजूर, मग काम.

ओंकार : म्हणजे दिवसभर बोंजूर, बोंजूर!

मावशी : माणशी एकदा. त्याच माणसाला दुसऱ्यांदा म्हटलंस, तर सकाळची भेट तू विसरलास असं होतं. मग ‘रबोंजूर’ म्हणायचं, नाहीतर नुसतं हसायचं.

ओंकार : आणि ते गालाला गाल लावणं?

मावशी : कोविडनंतर ऑफिसात ते बरंच कमी झालंय. हात पुढे कर, पुरे.

ओंकार : ईमेलचं सांग.

मावशी : नाव माहीत नसेल तर ‘मादाम, मस्यो’ एवढंच, पुढे स्वल्पविराम. शेवटी ‘कोर्दियालमाँ’. ‘मादम्वाझेल’, म्हणजे कुमारी, अजिबात लिहू नकोस. २०१२ मध्ये सरकारी अर्जांतूनही तो शब्द काढायला सांगितलं. औपचारिक पत्राचा शेवट मात्र लांबलचक असतो. ‘माझ्या विशेष अभिवादनाचा स्वीकार करावा अशी विनंती’ असा काहीसा. आपल्या कृ. सा. न. वि. वि.चं भावंडच. अर्थ काढत बसू नये, साचा पाठ करावा.

ओंकार : आणि शब्द? निम्मे तर इंग्रजीसारखेच दिसतात.

मावशी : तेच घात करतात. एकदा पुरवठादाराचं पत्र आलं, त्यात ‘देले’ चार आठवडे. आमच्या खरेदी विभागात एकच गोंधळ : माल महिनाभर लांबला! साहेबांनी खरमरीत उत्तरही लिहायला घेतलं. ‘देले’ म्हणजे डिले नव्हे, ठरलेली मुदत. चार आठवड्यांत माल मिळेल, एवढंच तो बिचारा सांगत होता. उशिराला ‘रतार’ म्हणतात. तसंच ‘एव्हाँत्युएलमाँ’. ‘शेवटी करूच’ असा अर्थ घेऊन बसशील. लिहिणारा म्हणत असतो, ‘जमलं तर करू’.

ओंकार : बापरे. निदान आकडे तरी सोपे असतील?

मावशी : फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोडीने सांगतात. समोरचा म्हणतो ‘स्वासाँत’, तू ६० लिहितोस. मग येतं ‘दिसेत’, म्हणजे १७. तोवर त्याची पुढची जोडी सुरू झालेली असते आणि तुला उमगतं की ते ७७ होते. ८० म्हणजे ‘कात्र व्हँ’, चार वीस. खेड्यातल्या आज्या चार विसा मोजायच्या, तसं. ९७ म्हणजे चार वीस आणि सतरा. रोज दहा फोन नंबर ऐकून लिही, दुसरा उपाय नाही. बिलंही जपून वाच. त्यांचा स्वल्पविराम म्हणजे आपलं दशांशचिन्ह. ३,२५० म्हणजे तीन हजार दोनशे पन्नास नव्हे, सव्वातीन!

ओंकार : डबा नेला तर चालेल ना?

मावशी : ने, पण कॉम्प्युटरसमोर उघडू नकोस. कामाच्या जागी माणसांना जेवू देऊ नये, असं तिथला कामगार कायदाच मालकाला सांगतो. कोविडच्या काळात तेवढी सूट दिली होती. सगळ्यांबरोबर जेव. वर्गात येणार नाही इतकं फ्रेंच त्या तासाभरात कानावर पडेल.

ओंकार : आणि फ्रेंचची परीक्षा? सी-वन पातळी होईपर्यंत थांबू?

मावशी : मुळीच नको. जाण्याआधी डेल्फ परीक्षेची बी-वन दे, बी-टू तिथे गेल्यावर. ते सर्टिफिकेट एकदा मिळालं की आयुष्यभर चालतं.