रक्तातून कॅन्सरची तपासणी: बिलावरची रक्कम आणि बिलानंतरची

‘थेंबभर रक्तात कॅन्सरचं निदान’ अशी जाहिरात दिसली तर आधी थोडा हिशेब करा. एका मिलिलीटर रक्तात साधारण ५०० कोटी तांबड्या पेशी असतात. गाठीतून सुटून रक्तात आलेल्या कॅन्सरच्या पेशी मात्र आजार पसरलेल्या रुग्णातही मिलिलीटरमागे बहुधा दहाच्या आतच सापडतात. मिलिलीटरचे थेंब होतात वीस. म्हणजे तुमच्या थेंबात त्यातली एकही पेशी नसण्याचीच शक्यता जास्त. थेंबाचा दावा करणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडावं. खऱ्या चाचण्यांना नळी भरून रक्त लागतं.

एवढ्या गर्दीतून मोजक्या पेशी वेचायचं काम मायक्रोफ्लुइडिक चिप करते. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीवर अतिशय बारीक वाहिन्या कोरलेल्या असतात आणि त्यांतून रक्त सावकाश सोडतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये अशी एक चिप जगापुढे आणली. तिच्यावर प्रतिपिंडांचा लेप दिलेले ७८,००० सूक्ष्म खांब होते. रक्त त्यांच्यामधून वाहताना कॅन्सरच्या पेशी खांबांना चिकटतात, बाकीच्या पुढे निघून जातात. या तत्त्वावरच्या चाचणीत आपले पैसे पट्टीपेक्षा लेपातली रसायनं, पेशींची ओळख पटवणं आणि अहवाल वाचणारा तज्ज्ञ यांवर जास्त जातात.

बाजारात काय आहे? ब्रिटनच्या अँगल कंपनीच्या ‘पारसॉर्टिक्स’ या मायक्रोफ्लुइडिक यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये परवानगी दिली. पण ती स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या रुग्णांसाठी आहे. धडधाकट माणसाची तपासणी तिच्या कक्षेत येत नाही, आणि विक्रेते नेमकं हेच सांगायला विसरतात.

निरोगी लोकांसाठी विकल्या जाणाऱ्या चाचण्या वेगळ्या आहेत. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सची स्तनाच्या कॅन्सरची चाचणी रक्तातल्या पेशीच शोधते. २०२२ मध्ये ती भारतात आली तेव्हा तिची किंमत ६,००० रुपये होती. या चाचणीला एफडीएचा ‘ब्रेकथ्रू’ दर्जा मिळाला आहे, पण हा दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे. अमेरिकेतली ‘गॅलेरी’ रक्तात तरंगणारे डीएनएचे तुकडे वाचते. तिची छापील किंमत ९४९ डॉलर, म्हणजे ८० हजार रुपयांच्या आसपास. परदेशातली मुलं आईवडिलांसाठी हौसेने अशी चाचणी करून घेतात, म्हणून तिचे आकडे नीट पाहू.

‘पाथफाइंडर’ अभ्यासात ६,६२१ जणांची गॅलेरी चाचणी झाली. ९२ जणांना धोक्याचा इशारा मिळाला, त्यांपैकी कॅन्सर निघाला ३५ जणांना. उरलेल्या ५७ जणांना ‘काही नाही’ हे कळेपर्यंत साधारण १६२ दिवस लागले. शिवाय चाचणीने ‘ठीक’ म्हटलेल्या ८६ जणांना वर्षभरात कॅन्सर निघालाच. छापील किमतीने गुणाकार केला तर सापडलेल्या एका रुग्णामागे सुमारे १ लाख ८० हजार डॉलर पडले, पुढच्या तपासण्या सोडून. लवकर निदानाचं म्हणाल तर आधीच्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या टप्प्यातले जेमतेम १७ टक्के कॅन्सर तिने पकडले, चौथ्या टप्प्यातले ९० टक्के.

पुढच्या तपासण्यांचा खर्च आपल्याकडे कुणी आधी सांगत नाही. रक्ताचा अहवाल पॉझिटिव्ह आला की गाठ नेमकी कुठे आहे ते शोधावं लागतं. पेट-सीटीला साधारण १० ते २५ हजार, कोलोनोस्कोपीला ५ ते १५ हजार, त्यावर बायोप्सी. शहर आणि रुग्णालयाप्रमाणे हे आकडे बदलतात. रुग्णालयात दाखल न होता केलेल्या अशा तपासण्यांचे पैसे अनेक आरोग्य विमा पॉलिसी देत नाहीत. तेव्हा सहा हजारांच्या चाचणीसाठीही तीस-चाळीस हजारांची तयारी ठेवावी.

पॅकेजमध्ये घुसवलेले सीईए, सीए-१२५ असे ‘कॅन्सर मार्कर’ तर सरळ वगळा. त्यांचा मुख्य उपयोग निदान झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी आहे. साध्या कारणांनीही ते वाढतात, आणि मग घरच्यांची झोप उडते.

त्याच पैशांत काय होतं तेही पाहा. खासगी केंद्रात मॅमोग्राफी दीड ते तीन हजारांत होते. तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणी सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत आहे. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. व्हिनेगरसारखं द्रावण लावून गर्भाशयमुख नुसतं डोळ्यांनी तपासलं, तर त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एवढा भक्कम पुरावा अजून कुठल्याही चिपच्या गाठीशी नाही.

तरीही चाचणी करायचीच असेल, घरात दोन-तीन जणांना कॅन्सर झालेला असेल, तर आधी कॅन्सरतज्ज्ञाला भेटा. प्रयोगशाळेला विचारा: पहिल्या टप्प्यातले किती टक्के कॅन्सर सापडतात? हा आकडा निरोगी लोकांवरच्या अभ्यासातला की रुग्णांवरच्या? नमुना खराब झाला तर पैसे परत मिळतील का? एनएबीएलचं प्रमाणपत्र दाखवलं तर त्याने प्रयोगशाळेचं काम नीट आहे एवढंच कळतं. चाचणीने जीव वाचतात की नाही, ते त्यावरून ठरत नाही.

पावती सांभाळून ठेवा. आयकराच्या जुन्या पद्धतीत प्रतिबंधात्मक तपासणीवर ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, आणि त्यासाठी पैसे रोख दिलेले असले तरी चालतात.