बंदुकांची आवड आहे? मग अभिरक्षक व्हा!

बारावीचा निकाल लागला की गडब, वडखळ, पेण या पट्ट्यातून दरवर्षी तेच प्रश्न येतात. कॉम्प्युटरला कुठे नंबर लागेल? एआय घेऊ की डेटा सायन्स? नाहीच जमलं तर डोलवीच्या कंपनीत चिकटेल का? गणितात मन रमत असेल तर कॉम्प्युटर जरूर घ्या. पण भावकीतल्या मुलाने घेतलं म्हणून मॅनेजमेंट कोट्यासाठी जमीन विकू नका. गेलेली जमीन परत येत नाही आणि नावडती पदवी फार काळ साथ देत नाही. कंपनीतच जायचं असेल तर फिटर-वेल्डरचा आयटीआय मन लावून करा.

मला जास्त बोलायचंय ते पालक दबक्या आवाजात विचारतात त्या प्रश्नाबद्दल. मुलगा सतत बंदुकांची माहिती वाचतो, किल्ल्यावर गेला की तोफेपासून हलत नाही, वाया चाललाय का? अजिबात नाही. त्याला गुंड ठरवू नका आणि जबरदस्तीने भरतीच्या मैदानावरही ढकलू नका. जुन्या शस्त्रांच्या संग्रहालयात अभिरक्षक होणं हा रीतसर व्यवसाय आहे.

त्यात गोळी झाडायला मिळत नाही, हे आधीच सांगतो. संग्रहात ठासणीची जुनी बंदूक आली की ती भरलेली आहे असंच धरून चालायचं. लाकडी गज नळीत अलगद तळापर्यंत सोडायचा, तोंडापाशी खूण करायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. गजाचं टोक कानापर्यंत, म्हणजे बत्तीच्या भोकापर्यंत, पोचलं नाही तर आत काहीतरी आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ठासलेली दारू अजून आत असू शकते. पुढचं काम रसायनाचं. खाऱ्या हवेतले क्षार लोखंडात मुरतात, वरून रंग फासला तरी आतून पापुद्रे सुटत राहतात. ते क्षार अल्कलीच्या द्रावणात महिनोन्‌महिने भिजवून काढावे लागतात. म्हणून बारावीचं रसायनशास्त्र टाकाऊ समजू नका. मराठ्यांच्या तोफखान्याचे हिशेब वाचायचे तर मोडीही हवी.

शिक्षणाची वाट सरळ आहे. इतिहास किंवा रसायनशास्त्राची पदवी, मग संग्रहालयशास्त्र. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विषय 1952 पासून शिकवतात. पुरातत्त्वाकडे ओढा असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. नोकऱ्या थोड्या आहेत, सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयातल्या जागांसाठी वाट पाहावी लागते. हे पचणार नसेल तर या वाटेला जाऊ नका. पण पुण्याचं केळकर संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, नागपूरचं 1863 सालचं मध्यवर्ती संग्रहालय, सगळीकडे शस्त्रं आहेत आणि त्यांना जाणकार माणूस लागतो. केवळ शस्त्रांना वाहिलेलं मोठं संग्रहालय बघायचं तर इंग्लंडमधल्या लीड्सचं रॉयल आर्मरीज. ते तिथे 1996 मध्ये उघडलं.

त्या लीड्सशी आपला धागा अगदी जवळचा आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चाकांच्या गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलेलं आहे, आणि लो मूर लीड्सपासून फार लांब नाही. शेकडो लोक त्या तोफांवर बसून फोटो काढतात. तुमचा मुलगा त्यावरची अक्षरं वाचत बसत असेल तर त्याला ओढून नेऊ नका.

घरच्या माळ्यावर आजोबांची शेतीसंरक्षणाची ठासणी असेल तर मात्र मुलाच्या हाती देऊ नका. 1959 च्या शस्त्र कायद्यात वापरण्याजोग्या न उरलेल्या पुराणवस्तूंना सूट आहे, पण आपली बंदूक त्यात बसते की नाही हे घरच्या घरी ठरवायचं नसतं. पोलीस ठाण्यात जाऊन विचारा.

या सुट्टीत मुलाला ओहोटीची वेळ बघून कुलाब्याला पाठवा. तोफ न खरवडता, तिच्यावर न चढता त्याने अक्षरं उतरवून घ्यावीत, फोटो काढावेत, गंज कुठे धरलाय ते लिहावं. मग मुरूडला जाऊन जंजिऱ्याच्या कलालबांगडीचीही अशीच नोंद करावी. या दोन वह्या संग्रहालयातल्या उमेदवारीच्या अर्जाला जोडा.