दोन गणवेषांचा एक शिपाई

साताऱ्याकडच्या व कोंकणांतल्या कित्येक गांवीं भिंतींत बसविलेली एक लहानशी दगडी पाटी आढळते. या गांवांतून १९१४ च्या महायुद्धांत अमुक माणसें गेलीं व त्यांपैकीं अमुक मरण पावलीं, एवढाच मजकूर तिजवर असतो. आंकडा असतो, नांव नसतें. सेनापतींचीं चरित्रें आपण परीक्षेकरितां पाठ करितों, परंतु साध्या शिपायाच्या मनांत काय चाललें होतें हें कळण्यास मार्ग क्वचितच सांपडतो. म्हणून, ज्यानें दोन्ही महायुद्धांत नोकरी केली व दोन्ही वेळां अगदीं खालच्या पायरीवरून आरंभ केला, अशा एका शिपायाची हकीकत आम्ही येथें देत आहों. तो आपल्या देशाचा नव्हे, जर्मनीचा होता.

हर्बर्ट झुल्ट्सबाख हा १८९४ सालीं फ्रँकफुर्ट शहरीं एका सधन यहुदी पेढीवाल्याच्या घराण्यांत जन्मला. १९१४ च्या ऑगस्टांत युद्ध पेटतांच त्यानें आपण होऊन तोफखान्यांत नांव नोंदविलें. पुढील चार वर्षें इंग्रज व फ्रेंच सैन्यांवर तोफा डागण्यांत गेलीं. तो लेफ्टनंट झाला. आयर्न क्रॉस हें शौर्यपदक त्यास दोन्ही वर्गांचें मिळालें. त्या साऱ्या धामधुमींत त्यानें दैनंदिनी लिहिण्याचा क्रम मात्र सोडला नाहीं. ती १९३५ सालीं जर्मनींत छापली गेली. त्याच सालीं यहुद्यांचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेणारे कायदेही तेथें झाले! पदकें कांहीं उपयोगीं पडलीं नाहींत. १९३७ सालीं त्यानें देश सोडला व इंग्लंडचा आश्रय घेतला.

पुढें १९४० सालीं, हिटलरपासून पळून आलेल्या या मनुष्यास, तो जर्मन म्हणूनच, इंग्रजांनीं 'मॅन' नांवाच्या बेटावर स्थानबद्ध केलें; त्याच्या पत्नीसही. भीतीच्या भरांत केलेला हा अविचारच होता, असें आम्हांस वाटतें. सुटका झाल्यावर त्यानें राग धरला नाहीं. तो ब्रिटिश सैन्याच्या पायोनियर पथकांत दाखल झाला. वय ४६, आणि काम बहुतेक कुदळ-फावड्याचें. एके काळचा लेफ्टनंट पुन्हां साधा शिपाई झाला.

खरी कसोटी पुढेंच होती. १९४५ सालीं स्कॉटलंडांतील कोम्री गांवाजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणींत त्याची दुभाषी म्हणून नेमणूक झाली. तेथें सुमारें ४००० जर्मन कैदी होते, आणि त्यांत कडव्या नाझींचा भरणा फार. डिसेंबर १९४४ मध्यें त्यांच्यांतील कांहींनीं आपल्याच एका सोबत्यास, तो नाझींच्या विरुद्ध आहे अशा संशयावरून, हालहाल करून ठार मारिलें होतें. त्याबद्दल पांच जण फांसावर गेले. अशा लोकांत यहुदी दुभाष्यानें जावयाचें! सूड घेण्यास त्याजपाशीं कारण होतें आणि संधिही होती. त्यानें त्यांच्याशीं बोलणें पसंत केलें. त्यांच्याच भाषेंत आणि जुन्या शिपायाच्या नात्यानें. त्या तरुण कैद्यांचे बाप ज्या सैन्यांत लढले, त्याच सैन्यांत तोही लढला होता.

११ नोव्हेंबर हा पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीचा दिवस. १९४५ सालीं तो जवळ येतांच झुल्ट्सबाखनें कैद्यांस सुचविलें कीं, सर्व राष्ट्रांच्या मृतांच्या स्मरणार्थ आपण मैदानांत उभे राहूं, आणि घरीं परतल्यावर जन्मभर सलोख्यासाठीं झटूं अशी प्रतिज्ञा करूं. ज्यास पटेल त्यानें यावें. हुकूम नव्हता. त्या दिवशीं दहा-बारा जण खेरीज करून सारी छावणी मैदानांत येऊन उभी राहिली. त्यांत मनापासून आलेले किती आणि शेजारी निघाला म्हणून निघालेले किती, हें कोण सांगणार? पण ज्या छावणींत वर्षापूर्वीं नुसत्या संशयावरून मनुष्य मारला गेला, तेथें शत्रूच्या मृतांसाठीं उभें राहण्यास कांहीं थोडें धैर्य लागलें नसेल.

१९४६ पासून १९४८ पर्यंत त्यानें तेंच काम उत्तर इंग्लंडांतील फेदरस्टन पार्क येथें, कैदी जर्मन अधिकाऱ्यांमध्यें केलें. तेथून सुटून गेलेल्यांनीं १९६० सालीं मायदेशीं एक मंडळ स्थापून त्याच्याशीं स्नेह राखला. पुढें पुष्कळ वर्षें तो लंडनच्या जर्मन वकिलातींत नोकरीस होता. १९८५ सालीं तो वारला. तत्पूर्वीं, १९७३ सालीं, त्याच्या दैनंदिनीचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें. ज्यांच्यावर त्या तोफा रोखलेल्या होत्या, त्यांच्याच नातवंडांना ती आतां आपल्या भाषेंत वाचावयास मिळते.