दारू सुटल्यानंतरचा तिसरा महिना

दारू सोडून दोन-तीन महिने झालेले पेशंट बऱ्याचदा एकच तक्रार घेऊन येतात. "डॉक्टर, पीत नाही हो, पण कशातच राम वाटत नाही." पहिल्या महिन्यात हातांची थरथर थांबते, भूक लागते, घरचे कौतुक करतात. मग कौतुक आटतं, उसनवारीचे तगादे मात्र तसेच चालू राहतात आणि संध्याकाळ संपता संपत नाही. व्यसन सोडवताना मला या टप्प्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

"तुझी इच्छाशक्तीच कमी" असं म्हणून घरच्यांनी इथे मोकळं होऊ नये. वर्षानुवर्षं रोज दारू प्यायल्यावर मेंदूतल्या डोपामिन या आनंदाशी निगडित रसायनाचं गणित बिघडतं. दारूच्या जोरकस धक्क्याची सवय झालेल्या मेंदूला गरम वरणभाताचं किंवा मुलीच्या शाळेतल्या गमतीचं काहीच वाटत नाही. हे हळूहळू सुधारतं, पण त्याला कित्येक महिने लागू शकतात. तोवर झोपही तुटक असते, चिडचिड होते. म्हणून उत्साह आला की कामाला लागू, असं ठरवू नका. वेळ झाली की उठा, अंघोळ करा, कामावर जा. उत्साह मागाहून येतो.

संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ मोकळी ठेवू नका, असा माझा आग्रह असतो. कामावरून सुटल्यावर नेहमीच्या बारवरून जाणारा रस्ता टाळा, दोन स्टॉप जास्त पडले तरी चालतील. निघण्याआधी पोटात काहीतरी जाऊ द्या. मूठभर शेंगदाणे-गूळ, डब्यातली उरलेली पोळी, काहीही. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळी तलफ जोर करते, आणि चारांपैकी भूक मिटवणं सगळ्यात सोपं. आलेली तलफ बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ कुणाशी तरी फोनवर बोलत राहा.

ज्याच्याशी बोलायचं तो माणूस शक्यतो स्वतः त्यातून गेलेला असावा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली ती दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरण्यातून. आज महाराष्ट्रात गावोगावी तिच्या मीटिंगा भरतात, आणि "फक्त आजचा दिवस प्यायचं नाही" एवढंच तिथे ठरवायचं असतं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही उपचारानंतरचा पाठपुरावा आणि पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. पत्नीही या आजाराने पिचलेली असते. तिच्याकडे वेगळं लक्ष द्यायलाच हवं.

घरच्यांना कळकळीने सांगतो, दारात पाऊल टाकताच त्याच्या तोंडाचा वास घेऊ नका. त्यापेक्षा त्याच्यावर एखादं लहान काम सोपवा. वीजबिल भरणं, आईला दवाखान्यात नेणं. आणि दारू सोडवायची म्हणून डायसल्फिरामची गोळी चहात किंवा भाजीत लपवून देऊ नका. त्यावर तो प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. ही गोळी रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

एखादे दिवशी पाय घसरलाच तर लाजेने लपून बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा मीटिंगमधल्या मित्राला सांगा. एका घोटाने आधीचे महिने वाया जात नाहीत, पण लपवण्यात आठवडा गेला तर पुन्हा भरती व्हायची वेळ येते.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर ती नैराश्याची खूण असू शकते. त्यावर वेगळे उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो. सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा फोन क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत असून रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं. आजच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा.